गोगलगायींना चुन्याचा हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. तरुणपणी मी एका पोरीच्या अख्ख्या हिवाळ्याच्या संशोधनावर चुना फासला. खरोखरचा चुना. बादलीत कालवलेला, केकताडाच्या कुंच्यानं. एक दगड पांढरा, एक निळा, एक पांढरा, एक निळा, असे अठ्ठेचाळीस दगड आमच्या क्वार्टरच्या फाटकापासून पायरीपर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना मांडले आणि कमरेवर हात ठेवून लांबून बघितले. काय दिसत होते म्हणून सांगू! मोठ्या साहेबाच्या बंगल्यापुढं असतात तसे. त्या दगडांत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगायी आहेत हे मला माहीत नव्हतं, असंही नाही. माहीत होतं. तरी फासला. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नववी पास होते, आणि इस्लापूरच्या पंचक्रोशीत माझ्याएवढं शहाणं कुणी नाही अशी माझी पक्की खात्री होती.

हे आज आठवायला कारण झालं ते समोरच्या घरचं बोअर. लातुरात चैत्र लागला की गल्लोगल्ली बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. काल सकाळपासून समोर घरघर चालली आहे. बोलणं ऐकू येत नाही, खिडकीच्या काचा थरथरतात, आणि सगळ्या गल्लीवर पिठासारखी धूळ बसते. लोक दारं लावून आत बसले, आणि मी स्टीलच्या वाट्या घेऊन बाहेर. आधी काळी भुकटी आली. मग राखी. मग एकदम तांबडीलाल, कुंकवात माती कालवल्यासारखी. मग पुन्हा काळी. प्रत्येक रंगाची एकेक वाटी भरून मी खिडकीत ओळीनं मांडली. सून म्हणाली, "आई, आत या हो. डोक्यावर बसलीय सगळी." गाडीवरचा माणूस तमिळ मुलखातला. तो मला दोनदा बघून गेला आणि तिसऱ्यांदा हात हलवून म्हणाला, "अम्मा, सोना नहीं है."

मी पोट धरून हसले. 'ह्यात सोनं हाय का?' असं मी एकदा त्याच पोरीला विचारलं होतं, तेही कुजबुजत, पदर तोंडाशी धरून.

तिचं नाव गिरिजा, उदगीरची. वडिलांचं आडतीचं दुकान, घरात शिवभक्ती, कपाळाला विभूती. पोरगी दगडांचं शिकत होती आणि संशोधनासाठी तिनं नेमका आमचा किनवटकडचा मुलूख निवडला होता. आमचे मालक जंगलखात्यात गार्ड. एकट्या पोरीनं डाक बंगल्यात राहायचं कसं, म्हणून साहेबानं तिला आमच्या पुढच्या खोलीत आणून सोडलं. सोबत वडील होते, अप्पा. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात पोरीचा स्टोव्ह आणि भांड्यांचं गाठोडं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. त्यांनी बघितला, आम्ही त्यांना बघताना बघितलं. अप्पा फक्त एवढं म्हणाले, "एक हिवाळा दिलाय मी हिला. एकच. बसवजयंतीला येऊन घिऊन जाईन. मग स्थळं बघायची हाईत." गिरिजा खाली मान घालून हसत होती. एक हिवाळा म्हणजे तिला केवढा वाटत होता!

आठवड्याभरात स्टोव्ह फळीवर गेला आणि पोरगी माझ्या चुलीपुढं बसून गरम भाकरी खायला लागली. मासे शिजत तेव्हा तेवढी बाहेर पायरीवर जाऊन बसे आणि तिथून ओरडून विचारी, "अक्का, झालं का तुमचं? वास संपला का?"

त्या दिवसांतल्या माझ्या शहाणपणाचे नमुने सांगायला बसले तर बोअरचं पाणी लागेल पण ते संपायचे नाहीत. एक तेवढा सांगते. ही पोरगी दगड चाटायची. हातोडीनं टवका उडवायची, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायची, आणि मग जिभेनं हळूच दगड ओला करायची. ओल्या दगडात आतलं नीट दिसतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा मला एकच माहीत होतं. आमच्याकडं माती, राख, खापरी कोण खातं? पोटुशी बाई. लग्न न झालेली पोर, परक्याची, आपल्या घरात! मी दोन दिवस तिला ताटात लिंबाची फोड जास्त वाढली. तिसऱ्या दिवशी आडून विचारलं, "गिरिजा, तुझं महिन्याचं वेळेवर हाय ना?"

"हाय की. का?"

"न्हाई, दगडं खाऊन राहिलीस म्हणून."

आधी तिला समजेना. समजलं तेव्हा ती ओसरीवर आडवी पडून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग माझ्या हातात एक राखी दगड दिला आणि म्हणाली, "चाटा अक्का. चाटा आणि बघा." मी आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि चाटला. चव कसलीच नाही. पण ओल्या जागी, मुगाच्या दाण्याएवढी, पीळ घातलेली, टोकदार, एक गोगलगाय. शेजारी दुसरी. तिसरी अर्धीच. धान्य सांडावं तशा. आता हलतील असं वाटावं, अशा.

"ह्या आत गेल्या कशा?" मी विचारलं. त्या प्रश्नानं मला जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

गिरिजानं समजावलं ते पुस्तकी होतं, मी माझ्यापुरतं करून घेतलं ते असं. आपला सगळा मुलूख म्हणजे टोपल्यात एकावर एक रचलेल्या भाकरी. जमीन फाटून तापलेला रस यायचा, पसरायचा, थिजायचा. झाली एक भाकर, काळी. मग कैक वर्षं काहीच नाही. पाऊस पडायचा, खोलगट जागी तळं साचायचं, तळाशी गाळ बसायचा, गाळात गोगलगायी, शेवाळ, मासे. सगळं निवांत. आणि मग पुन्हा जमीन फाटायची आणि वरून दुसरी भाकर. दोन भाकरींच्या मधे चिकटून राहिलेला ठेचा असतो ना, तसं ते तळं मधे सापडलं आणि दगड झालं. कुठं हातभर जाड, कुठं बोटभर. गिरिजा त्या ठेच्याच्या शोधात होती. काळ्या भाकरीत तिला रस नव्हता. भाकरीच्या पोटातल्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, पाणीदार खडे सापडत, उन्हात धरले तर डोळे दिपावेत असे. ते ती मला सहज देऊन टाकी. मी ते फळीवर कपात ठेवले होते आणि रोज मोजायचे. आमच्या मालकांना मी गुपचूप सांगितलंसुद्धा की पोरगी वेडी आहे, हिरे वाटते आणि चिखल जपते.

तो हिवाळा आठवला की आधी वास आठवतो. मोहाच्या फुलांचा, हिवाळा सरता सरता सुटणारा, गोड, डोक्यात जाणारा. पहाटेचा सडा वेचायला बाया टोपल्या घेऊन निघायच्या, त्यांच्या मागोमाग मालक आणि गिरिजा. पैनगंगेचं पाणी ओसरत गेलं की सहस्रकुंडाखालचा काळा कातळ उघडा पडायचा, म्हशींचा कळप बसावा तसा. किनवटच्या पॅसेंजरची शिट्टी झाली की मी भाकरी थापायला घ्यायची. दुपारी पोरगी परत यायची, नाक उन्हानं सोललेलं, पिशवी खांद्याला, आणि ओसरीवर बसून प्रत्येक दगडाला दवाखान्यातली चिकटपट्टी लावून त्यावर शाईनं नंबर घालायची. मग वहीत लिहायची. मग दगड कागदात गुंडाळून खोक्यात. मला वाटायचं, एवढं काय बाळंतपण करायचं दगडाचं.

फाल्गुन सरला, आणि गिरिजा पाडव्याला आठ दिवस उदगीरला गेली.

आणि आमच्याकडं जयंतीची धांदल सुरू झाली. चौदा एप्रिलच्या आधी घराला चुना लागला नाही असं आमच्यात कुठलं घर नसतं. पोटाला चिमटा काढून लोक चुना आणतात. मी भिंती चुन्यानं सारवून काढल्या, चौकटींना निळा हात दिला. बादलीत चुना उरला. निळीच्या दोन पुड्याही उरल्या. आणि माझी नजर पलंगाखालच्या खोक्यांवर गेली.

आता माझा विचार बघा कसा चालला. पाटीवरचं गणित वहीत उतरून झालं की आपण पाटी पुसतो. ह्या दगडांचंही सगळं वहीत उतरून झालं आहे, म्हणजे दगडांचं काम संपलं. पोरगी यायच्या आत घर असं करावं की ती बघतच राहील. झालं. मी कागद चुलीत घातले. चिकटपट्ट्या सोलल्या आणि त्याही चुलीत घातल्या. दगड काथ्यानं घासले, कारण मळक्या दगडावर चुना धरत नाही, एवढी अक्कल होती. बाकीचं तुम्हाला सांगितलंच आहे.

गिरिजा आली ती हातात होळग्यांचं फडकं घेऊन. होळग्या म्हणजे त्यांच्याकडच्या पुरणपोळ्या. फाटकात थांबली. मी पायरीवर उभी, तोंडभर हसत.

"कसं दिसतंय?"

तिनं फाटकापासून पायरीपर्यंत नजर नेली आणि परत आणली. मग खाली बसून एक निळा दगड उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"अक्का, पट्ट्या कुठायत?"

"कसल्या?"

"नंबरच्या."

"चुलीत."

"अय्यो, अक्का," ती एवढंच म्हणाली, आणि वाटेतच बसून राहिली, मांडीवर होळग्या घेऊन. आणि मला काय झालं असेल? मला राग आला! दोन दिवस राबले त्याचं कौतुक नाही ते नाहीच. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "वहीत लिवलंय ना समदं?"

"वहीत सतरा नंबर कुठं सापडला ते लिवलंय," ती हळू बोलली. "सतरा नंबर कोणता, ते दगडावर लिवलं होतं. आता हे नुसते दगड हाईत. कुठल्या नाल्यातले, कुठल्या थरातले, वरचे की खालचे, कुणाला सांगता येतंय? सर बघून फेकून देतील. आणि अप्पा बसवजयंतीला येणार."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मालक घरी आले, वाटेवरून चालत ओसरीपर्यंत आले, आणि म्हणाले, "सरकारी क्वार्टरला शोभा आणली तू. आता त्या पोरीच्या बापाला मी काय तोंड दाखवू, ते पण निळीत बुडवून दे." एरवी मी दोन उलटी उत्तरं दिली असती. त्या दिवशी ताटं वाढली, आणि कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकेक दगड टबात घालून चुना काढत बसले. चुना निघाला, पण नीळ बारीक भेगांत आणि गोगलगायींच्या पिळांत बसली ती बसलीच. धुता धुता हाताला लागलं की प्रत्येक दगडाची एक बाजू जुनी, गुळगुळीत आणि एक बाजू ताजी, धारदार. हातोडीनं फोडलेली.

"गिरिजा," मी म्हटलं, "हे तू फोडून आणलंस ना? मग राहिलेलं तिथंच असंल की. भाकर मोडली तर तुकडा उरलेल्या भाकरीला जुळतोच."

ती खोलीत पडून होती. उठून बसली. "हाव अक्का," म्हणाली. "तिथंच असंल."

त्यानंतरचे दिवस मी कुणालाही द्यायला तयार नाही. आम्ही दोघी उजाडताना निघायचो. माझ्या डोक्यावर पाटीत दगड, तिच्या खांद्याला वही आणि हातोडी. वहीत बघून एकेका ठिकाणी जायचं, आणि पाटीतला एकेक दगड थराच्या फोडलेल्या जागी लावून बघायचा. हा नाही, हा नाही, हा जवळपास, हाही नाही. आणि मग एखादा असा बसायचा की बोटाला फट लागायची नाही. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, डब्याचं झाकण नीट बसल्यासारखा. पहिला बसला तेव्हा आम्ही दोघींनी नाल्यात उभं राहून आरडाओरडा केला, तर वरच्या मोहाखालच्या बाया धावत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

एका नाल्यात एक दगड काही केल्या बसेना. ऊन डोक्यावर आलेलं. मी म्हटलं, "टाक की ह्यालाच तेवीस नंबर. कोण बघायला येतंय?"

गिरिजानं दगड परत पाटीत ठेवला. "अक्का, उद्या कुणी तरी माझं वाचून इथं शोधायला येईल. त्याला मी खोटा पत्ता देऊ?"

तिनं आवाज चढवला नव्हता. तरी मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यानंतर मी अंदाजाची भाषा सोडली.

पण डोळे उघडले होते ना! घरच्या चार भिंतींत ज्या डोळ्यांनी मी डाळीतला खडा वेचायचे, तेच डोळे आता खड्यातली डाळ शोधायला लागले. मी दर पाच मिनिटांनी ओरडायची, "हे बघ बी! हे बघ हाड! ही बघ करंजी!" आणि गिरिजा न वैतागता बघायची आणि म्हणायची, "माती हाय अक्का." एकदाच काय ते माझ्या हाताला काही लागलं. तपकिरी, नखाएवढं, तुकतुकीत, चौकटीसारखं. मी ते भिंगाशिवाय ओळखलं. पैनगंगेचे मासे मी लहानपणापासून साफ करत आलेली. "हा खवला हाय," मी म्हटलं. गिरिजानं भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चाटून बघ म्हटलं तर तोंड वाकडं केलं, कारण माशाचं म्हटल्यावर तिला चाटवेना. पुढं तिच्या सरांनीही तो खवलाच असल्याचं सांगितलं. ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली याचा हिशेब माझ्या सुनेकडं आहे.

तर अठ्ठेचाळीसपैकी सदतीस दगड घरी पोचले. मी त्याला तसंच म्हणते, घरी. अकरा राहिले. ज्या काठावरनं ते आणले होते तो मधल्या वळवानं ढासळला होता, फोडलेली जागाच शिल्लक नव्हती. नवे दगड शोधायला, फोडायला, लिहायला आणखी एक हिवाळा हवा होता. आणि बसवजयंती चार दिवसांवर आली होती.

अप्पा दोन दिवस आधीच आले. तेच धोतर, तीच टोपी. ओसरीवर बसले. मी तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. पोरीला सोडायला आले होते तेव्हाही ठेवलं होतं, तेव्हा "आत्ताच पिऊन आलो" म्हणाले होते. ह्या खेपेला काही म्हणाले नाहीत, पण तांब्याला हातही लावला नाही. गिरिजा आत सामान बांधत होती. ओसरीवरूनच त्यांनी विचारलं, "झालं का काम, बेटा?"

"झालं, अप्पा," आतून आवाज आला.

मी दारातच उभी होते. मला तिचं तोंड दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. ती माझ्यावर पांघरूण घालत होती. तिचा हिवाळा गेला तर जाऊ दे, पण अक्काचं नाव निघायला नको.

"न्हाई झालं," मी म्हटलं. "मी होऊ दिलं न्हाई." आणि सगळं सांगितलं. चुना, नीळ, चूल, सगळं. सांगताना माझ्या आवाजाला काय झालं होतं ते मालकांना विचारा, म्हणजे असते तर विचारता आलं असतं.

अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजे पोती हाईत, पण चिठ्ठ्या गेल्या."

"हाव."

"चिठ्ठी नसलेलं पोतं मी पण कुणाच्या नावावर लावत न्हाई." आणि त्यांनी हात पुढं केला. "दावा बघू."

मी त्या अकरातला एक आणून दिला आणि गिरिजाचं भिंगही दिलं. त्यांना ते डोळ्याशी धरता येईना, मी धरून दाखवलं. पिळात नीळ बसल्यामुळं गोगलगाय अगदी उठून दिसत होती. अप्पांनी बघितलं. दगड फिरवून पुन्हा बघितलं. व्यापारी माणूस, दाणा पारखायची सवय, घाई नाही.

"हे पाण्यातलं जनावर. हितं डोंगरात कसं?"

"तवा हितं तळं होतं."

"कुणाचं?"

"कुणाचं न्हाई," मी म्हटलं. "माणूसच नव्हता अजून."

त्यांनी भिंग खाली घेतलं. माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, दगड मांडीवर ठेवला. आत गिरिजाची बांधाबांध थांबली होती. मग अप्पांनी तांब्या उचलला, वरून धार धरून सगळं पाणी घटाघटा प्याले, मिशा पुसल्या आणि मला म्हणाले, "येत्या हिवाळ्यात पोरगी तुमच्याच घरी ऱ्हाईल, बाई. दगडं तेवढी दुसऱ्याच्या घरी ठिवायला सांगतो तिला."